थोरलीचे शिकलेले रक्त

मित्रांनो, मी एक म्हातारी दख्खनी मेंढी आहे. रंगाने काळी, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका आणि स्वभावाने अगदी अधीर. माझ्याबरोबरच्या मेंढ्या दुपारी सावलीला डोक्यात डोकी घालून निवांत रवंथ करतात, तेव्हा मी उठून पुढचे रान कुठे आहे ते बघून येते. म्हातारपणी तरी ही खोड जाईल असे वाटले होते, पण गेली नाही. तेव्हा माझी गोष्टही जरा घाईघाईने होईल. तुम्ही सांभाळून घ्या.

माझा जन्म इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा, बिरदेवआबांच्या कळपातला. आमच्यात एका वेताला बहुधा एकच कोकरू होते, पण माझ्या आईने दोन दिली. मी आधी आले म्हणून थोरली, माझ्यामागून आली ती धाकटी. पाहणाऱ्याला आम्ही दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या दिसायचो. वाटेवरचे लोक तर म्हणायचे, मेंढ्या काय, सगळ्या सारख्याच. आबांना ते ऐकून राग यायचा. कळपातले एकूण एक तोंड त्यांना पाठ होते. थोरलीचे नाक सरळ, धाकटीचे किंचित खाली वळलेले, हे त्यांनी आम्ही ओल्या असतानाच बघून ठेवले होते.

आम्ही एका गावच्या कधीच नव्हतो. आज लासुर्ण्याला कुणाच्या तोडलेल्या उसाच्या रानात, परवा शेळगावला, मग कालव्याच्या कडेकडेने पुढे. शेतकरी आम्हाला मुद्दाम रानात बसवून घ्यायचे, कारण मेंढ्या बसलेल्या रानाला निराळे खत घालावे लागत नाही. एका रानाचे काम झाले की आबा शीळ घालायचे आणि कळप निघायचा. कधी कधी शीळ वाजायच्या आधीच मी निघालेली असायचे आणि आबांच्या शिव्या खायचे.

एका कोरड्या उन्हाळ्यात आमच्यावर घाला आला. वाटेवरच्या एका वस्तीवर कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या बांधावर टाकल्या होत्या. एरवी मेंढी कण्हेरीला तोंड लावत नाही. पण वाळलेला पाला चटकन ओळखू येत नाही आणि आमच्या पोटात आग पडली होती. आबा ओरडत धावत आले, तोवर कळप त्यावर तुटून पडला होता. कण्हेरीचे विष पोटावर भागत नाही, ते काळजाला जाऊन धरते. काळीज मध्येच थांबते, मग धावत सुटते, मग पुन्हा थांबते. माझी आई माझ्यासमोर आडवी झाली. तिच्यामागून आणखी कितीतरी झाल्या. धाकटी लांब बांधापलीकडे होती म्हणून वाचली, आणि मी रेटारेटीत मागे राहिले म्हणून माझ्या वाट्याला थोडकाच पाला आला.

आबांची मुलगी मनिषा तेव्हा बारामतीला कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला कळपाकडे आली होती. माझ्या फासळ्यांवर हात ठेवून ती दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. आत काळीज उड्या मारत होते ते तिला हाताला कळत होते. यावर उतारा काय, असे तिने आबांना दोनदा विचारले.

"कण्हेरीला उतारा न्हाय, पोरी," आबा म्हणाले. "राहील ती आपली."

मी राहिले. मनिषाच्या मनात मात्र ते वाक्य राहिले. पुढे ती विज्ञानाची वरची परीक्षा पास झाली आणि बारामतीबाहेरच्या एका संशोधन केंद्रात राजेश्वरी मॅडमच्या हाताखाली कामाला लागली. चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ती आबांकडे आली आणि तिने एक मेंढी मागितली. कण्हेरीचे विष पकडणारे काहीतरी मेंढीच्या रक्तात तयार करायचे आणि ते विषाला नेमके कुठे, कसे धरते ते शोधून काढायचे, असे तिचे काम होते. आबांना त्यातले निम्मे कळले. मेंढी कसायाकडे जाणार नाही एवढे वचन त्यांनी घेतले आणि मला कानाला धरून पुढे केले. मी एकदा विषातून वाचले होते, तेव्हा माझ्या अंगात काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब. तसे काही नव्हते, मी फक्त कमी खाल्ले होते. पण मेंढीला कोण विचारतो?

केंद्रात पत्र्याच्या छपराखाली मला एक खण मिळाला. जयवंता नावाचा माणूस तिथले चारापाणी बघायचा. त्याने माझ्या गळ्यात पट्टा बांधला आणि पट्ट्याला पितळी बिल्ला अडकवला, नंबर चार. तेव्हापासून मी थोरली राहिले नाही, चार नंबर झाले. चारा वेळेवर, पाणी स्वच्छ, लांडग्याचे भय नाही, आणि तरी मला चैन म्हणून पडेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. जमिनीत माझ्या पायांची पन्हळ पडली. जयवंता बिचारा हात जोडून म्हणायचा, "ए बाय, बस की जरा. तुला बघून माजंच पाय दुखाया लागल्यात."

सुरुवातीला मनिषा रोज यायची. मॅडमसमोर काही मांडायचे असले की आधी माझ्यासमोर बोलून बघायची, त्यामुळे मला येते तेवढे विज्ञान तिच्या त्या सरावातून आलेले आहे. ती सांगायची, अंगात बाहेरचे काही शिरले की रक्त त्याला पकडायला प्रतिपिंडे तयार करते. पण कण्हेरीचे विष म्हणजे एवढासा रेणू, इतका बारीक की शरीराच्या तो खिजगणतीतही नसतो. म्हणून तिने विषाचे चिमूटभर रेणू एका मोठ्या प्रथिनाला रासायनिक दोरीने बांधले आणि ते गाठोडे सुईने माझ्या अंगात सोडले. गाठोडे मोठे, ते काही नजरेतून सुटायचे नाही. शरीर जागे झाले आणि गाठोड्याबरोबर त्याला बांधलेले विषही ओळखायला लागले.

मग माझ्या मानेतून रक्त काढायचे. रक्त गोठले की वर जे पिवळसर पाणी राहते त्याला सीरम म्हणतात. प्रतिपिंडे त्यात असतात. मनिषाकडे प्लॅस्टिकची एक ताटली होती, तिला बारीक बारीक खळगे, आणि खळग्यांच्या तळाशी विष चिकटवलेले. सीरमने विष धरले तर शेवटचे औषध घातल्यावर खळगा पिवळा होतो. नाही धरले तर पाण्यासारखा राहतो. पहिल्या खेपेला माझे खळगे पिवळे झाले तेव्हा ती ओढणी सावरत पळत माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी आली ती तोंड पाडून. माझी प्रतिपिंडे विषाला धरतच नव्हती, त्याला बांधलेल्या दोरीला धरत होती. दोरीशिवाय सुटे विष समोर ठेवले की त्यांची मूठ रिकामी.

"आबा मेंढी कशी धरत्यात ठावं हाय ना?" ती माझ्या कानाशी म्हणाली. "मागचा पाय. लोकर धरली तर लोकर हातात येती आन् मेंढी पळती. तुजं रक्त अजून लोकरच धरतंय, थोरले."

तिने दोरी बदलली, विष दुसऱ्या टोकाने बांधले आणि पुन्हा सुया सुरू झाल्या. माझ्या पाठीवर गाठी उठल्या. महिन्यांमागून महिने गेले आणि हळूहळू माझे रक्त शिकले. वर्ष संपता संपता ते सुट्या विषालाही असे धरू लागले की धुऊनही ते सुटेना. मॅडम पाहुण्यांना माझ्या खणापाशी आणायच्या आणि म्हणायच्या, ही आमची चार नंबर. मी त्या पाहुण्यांसमोरूनही भिंतीकडे जायचे आणि परत यायचे. त्यांना ते गमतीचे वाटायचे.

पण काम जसजसे रंगले तसतशी मनिषा यायची थांबली. आता तिला विषासारख्याच दिसणाऱ्या इतर रेणूंवर माझे सीरम ताडून बघायचे होते, विषाचा कोणता कोपरा पकडीत येतो ते ठरवायचे होते. रक्त जयवंता आणि जनावरांचे डॉक्टर काढायचे, नळीवर चार आकडा लिहायचे आणि नळी वर जायची. ती पायऱ्या उतरून खाली यायची नाही. तिचा आवाज मला वरून खिडकीतून ऐकू यायचा. मी मान वर करून ओरडायचे आणि मग पुन्हा चालायला लागायचे. मित्रांनो, मला त्या दिवसांत तिचा फार राग यायचा.

अशात एके सकाळी आबा आले. त्यांनी माझ्या पाठीवरच्या गाठी बघितल्या, मानेची कातरलेली लोकर बघितली आणि जमिनीतली पन्हळही बघितली. मी त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला तो सोडीना. मनिषा येते का, असे त्यांनी जयवंताला विचारले. ताईंना वेळच कुठाय, असे तो म्हणाला. आबा निघून गेले.

आठवडाभरात ते पुन्हा आले, टेंपोने, आणि टेंपोत धाकटी. तिच्या मानेची लोकर त्यांनी आपल्या कातरीने माझ्यासारखीच कातरून आणली होती. जयवंता चारा आणायला गेलेला. आबांनी माझ्या गळ्यातला पट्टा सोडला आणि धाकटीच्या गळ्यात बांधला. दोघींच्या कपाळाला भंडारा लावला आणि जणू देवासमोर कबूल करावे तसे म्हणाले, "हितं बिल्ला बघत्यात, तोंड कोन बघतंय? म्हैना दोन म्हैनं ही रक्त दील, मग पुन्हा तू. एका आईच्या प्वाटातलं रक्त, कुनाचं बी घ्या."

त्यात त्यांना काही खोटे करतोय असे वाटलेच नव्हते. कळपात नेहमी असेच चालते. एकीचे अंग उतरले की तिला सोडायचे आणि भार दुसरीवर टाकायचा. मला तर तेव्हा काही विचारच सुचत नव्हता. टेंपोतून उतरून मी लासुर्ण्याच्या रानात पाय ठेवला आणि इतकी धावले की कुत्री भुंकायला लागली.

केंद्रात पुढे जे झाले ते मला धाकटीने नंतर सांगितले. चार नंबर अखेर निवळली, असे समजून जयवंता खूशच होता. तिचे रक्त काढले, नळीवर चार लिहिले आणि नळी वर गेली. खळगे पाण्यासारखे राहिले. मनिषाने औषधे बदलली, ताटली बदलली, पुन्हा रक्त मागवले. पुन्हा पाणी. वर्षभर रोज घट्ट होत आलेली पकड एकाएकी नाहीशी झाली होती, आणि पुण्याहून काम तपासायला समिती तोंडावर आली होती. मॅडम खणापाशीच मनिषाला म्हणाल्या, "प्रतिपिंडे कमी होतात, ते मी समजू शकते. ती अशी पुसून जात नाहीत. समिती मला एकच विचारणार, की मागचे निकाल खरे होते कशावरून? माझ्याकडे उत्तर नाही, मनिषा. तुझ्याकडे असेल तर दे."

काम बंद पडणे वेगळे आणि खोटारडी ठरणे वेगळे. मॅडम गेल्यावर मनिषा कितीतरी महिन्यांनी खणाच्या आत आली आणि भिंतीला टेकून बसली. धाकटी कोपऱ्यात निवांत रवंथ करत होती. मनिषा तिच्याकडे बघत राहिली. चार नंबर बसली आहे, एवढेच आधी तिच्या ध्यानात आले. मग ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली, तिने दोन्ही हातांनी धाकटीचे तोंड उजेडाकडे फिरवले आणि नाकावरून बोट फिरवले. धाकटी सांगते, पोरगी तशीच उठली आणि चपला घालायचेही विसरली.

ती एसटीने आली. आम्ही रानात विखुरलेल्या होतो. ती कळपात शिरली आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली. माझा राग कुठे गेला ते मला कळले नाही, मी तिच्या ओढणीत तोंड खुपसले. तिने माझ्या पाठीवरच्या गाठी चाचपल्या.

"आबा, हिला हितं कुनी आनली?"

"मी आनली." आबा जवळ आले. "तिचं हाल बघवंनात. ह्या भितीपास्नं त्या भितीपत्तूर चालत हुतं जनावर. धाकटी गरीब हाय, बसून ऱ्हाती. रक्तच द्यायचं तर तिचं घ्या की. त्यात फरक कसला?"

"फरक हाय, आबा. दिसाया दोघींचं रक्त लालच. पर हिचं रक्त वरीसभर शिकलंय, धाकटीचं कोरं हाय." तिचा हात अजून माझ्या पाठीवरच्या गाठींवर होता. "तिकडं मी खोटं लिव्हलं असं म्हनायची पाळी आलीया. उद्या समिती येनार. माजं वरीस गेलं, आन् माजं नाव बी जाईल."

आबांनी डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले. आपण काय करून बसलो ते त्यांना आता कळले. मग ते हळूच म्हणाले, "चुकलं माजं. पर तू धनगराची लेक. इतक्या दिसांत ती थोरली न्हवं ह्ये तुला कसं कळलं न्हाय?"

मनिषा खाली बघत म्हणाली, "मी नळ्याच बघत हुते, आबा."

त्याच दिवशी आम्ही तिघे बारामतीला गेलो. आबांनी मॅडमसमोर उभे राहून सगळे सांगितले, काही झाकले नाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले, पण त्या विरघळल्या नाहीत. बाप मुलीसाठी असे म्हणणारच, असे त्यांनी आबांना तोंडावर सांगितले. शिवाय दोन मेंढ्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांना स्वतःला दोघींत काही फरक दिसत नव्हता, आणि माझ्या पाठीवरच्या गाठी समितीसमोर पुरावा ठरणार नव्हत्या. मग त्यांनीच मार्ग काढला. धाकटीच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला. डॉक्टरांनी दोघींचे रक्त काढले. सीरम निघाल्यावर नळ्यांवरच्या खुणा मॅडमनी एकट्यांनीच केल्या, आणि कोणती खूण कुणाची ते दुसऱ्या कुणालाही सांगितले नाही. समितीसमोरच मनिषाने त्या नळ्यांतले सीरम खळग्यांत भरायचे, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी ती ताटली खाली आमच्या छपराखालीच मांडली होती, कारण समितीला मेंढ्याही बघायच्या होत्या. मनिषाने एकेका रांगेत एकेक सीरम घातले. मग वाट बघायची. माझ्या आयुष्यात मी कडाक्याची थंडी सोसली, पाण्यावाचून दिवस काढले, पण त्या दुपारसारखी तगमग कधी सोसली नाही. मी चालत होते. आबा बाहेर चालत होते. मनिषा मात्र एका जागी दगडासारखी उभी होती.

शेवटचे औषध पडले. एक रांग पाण्यासारखी राहिली. दुसरी बघता बघता पिवळी झाली, भंडाऱ्यासारखी पिवळी. मॅडमनी तिसऱ्या रांगेत त्याच सीरमबरोबर कण्हेरीच्या पानांचा अर्क स्वतःच्या हाताने मिसळून घातला होता. ती रांग फिकी राहिली, कारण माझ्या प्रतिपिंडांच्या मुठी सुट्या विषानेच भरून गेल्या होत्या आणि तळाशी चिकटलेल्या विषाला धरायला हात उरला नव्हता. त्या मुठींनी मागचा पाय धरला होता, मित्रांनो.

मॅडमनी खुणांचा कागद उघडला. पिवळी रांग माझी होती. त्यांनी मनिषाच्या खांद्यावर हात ठेवला आणि समितीला म्हणाल्या, "जुळ्या बहिणी, एकाच रानात वाढलेल्या. फरक फक्त एवढाच की एकीला आम्ही शिकवले आणि दुसरीला नाही. तुलनेला अशी जोडी आम्ही मागितली असती तरी मिळाली नसती." मग त्या बाहेर गेल्या आणि आबांना म्हणाल्या, "काल मी तुम्हाला बोलले, ते मागे घेते." आबांनी पागोटे नीट बांधले आणि दुसरीकडे बघत डोळे पुसले.

काम चालू राहिले. मनिषाने मात्र एक गोष्ट मागून घेतली. मी धाकटीबरोबर कळपातच राहायचे आणि रक्त काढायला तिने, जिथे कळप असेल तिथे, स्वतः यायचे. मॅडम थोड्या कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या. मग ती कधी शेळगावला यायची, कधी कालव्याच्या कडेला. हातात बर्फाचा डबा, मागे धापा टाकत जयवंता. मी चालून चालून तिला दमवायचे, हेही कबूल करते.

आता मला सुया नाहीत. मनिषा पुण्याला असते. माझे सीरम कुठल्याशा शीतपेटीत गोठवलेले आहे आणि त्यावर तिचे काम अजून चालू आहे. विषाचा कोणता कोपरा पकडीत येतो ते तिने शोधले. रानात पडलेल्या मेंढीला टोचता येईल असा उतारा अजून व्हायचा आहे. कुंपणावर कण्हेर अजून फुलते आणि छाटलेल्या फांद्या लोक अजून बांधावर टाकतात. तेवढे तरी करू नका, मुलांनो. छाटलीत तर खड्ड्यात पुरा.

आणि आणखी एक मागणे आहे. कळपात येऊन मनिषा लगेच सुई काढायची नाही. आधी खाली बसायची, माझे तोंड दोन्ही हातांत धरायची आणि नीट बघून मग जयवंताला म्हणायची, "हीच." तुम्हाला कुणी दूध देते, कुणी लोकर देते, कुणी रक्त देते. घेण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघत जा. सुई तेवढीच दुखते. पण ती आपल्याला टोचली जाते आहे, गळ्यातल्या बिल्ल्याला नाही, एवढे कळले की मेंढीला पुष्कळ सोसता येते.